बास नको, संवाद ऐकू येऊ द्या!

घरी रात्री सिनेमा बघायला हेडफोन हवाय, एवढंच सांगतो मी. महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांत या महिन्यात तिसरी चक्कर. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच: "बास पाहिजे ना सर?" आणि कानात लगेच धडाड्-धूम गाणं!

अरे, मला बास, म्हणजे तो खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज, नकोय. मला पात्रं काय बोलतात ते ऐकायचंय. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या पट्टीत असतात. बास फुगवलेल्या हेडफोनमध्ये तेच दबतात. मग आवाज वाढवायचा, आणि पुढच्या मारामारीत कान बधिर करून घ्यायचे.

बरं, ब्लूटूथचं विचारलं तर "एकदम लेटेस्ट आहे". लेटेस्ट असेल हो, पण टीव्हीला जोडल्यावर आवाज मागे पडतो का? २०० मिलीसेकंदांचा उशीर म्हणजे सेकंदाला २४ चित्रांच्या हिशोबाने जवळपास पाच चित्रं. ओठ मिटतात आणि मग शब्द येतो! हे कुणी तपासूच देत नाही. मी मोबाइलवर सिनेमाचा तुकडा घेऊन गेलो, तर "गाण्यावर चेक करा ना".

आणि वजन? दुकानात दोन मिनिटं सगळेच हलके वाटतात. अडीच तास चष्म्याच्या काड्यांवर दाबून बसले की कानामागे ठणका लागतो. माझा चष्मा समोर दिसतोय, तरी एकानेही त्याबद्दल विचारलं नाही.

परवा वैतागून साधा वायरवालाच मागितला. "वायरवाले आता कोण घेतं सर?"

मी घेतो ना! दाखवा तरी!