‘क्लब खासगी आहे’ एवढं म्हटल्याने कायदा संपत नाही

कॉलनीच्या ग्रुपांपासून वकिलांच्या ग्रुपांपर्यंत सध्या नागपुरात एक मजकूर फिरतोय. सारांश असा: क्लब ही खासगी जागा आहे. घरात कुणाला बसवायचं ते आपण ठरवतो, तसं क्लबात कुणाला घ्यायचं ते सदस्य ठरवतील. राज्यघटना सरकारला लागू होते, नागरिकांना नाही. सुप्रीम कोर्टाने पारशी सोसायटीच्या निकालात यावर शिक्कामोर्तब केलंय. अमेरिकेतही खासगी क्लब काळ्या माणसाला नाकारू शकतो. आपल्याकडे तर वंशभेद नाहीच. आणि ज्याला पटत नाही, त्याने स्वतःचा क्लब काढावा.

यातलं काही खरं आहे, म्हणूनच तो सहज गळी उतरतो. शिकलेसवरलेले लोक ‘अगदी बरोबर’ लिहून तो पुढे पाठवताहेत, त्यामुळे उत्तर द्यायलाच हवं.

‘राज्यघटना फक्त सरकारला लागू होते.’

बऱ्याच मूलभूत हक्कांबाबत ढोबळमानाने हे बरोबर आहे. पण कलम 15(2) वाचून पाहा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुठल्याही नागरिकाला अडवता येत नाही. दुकान सरकार चालवत नाही. हे बंधन दुकानदारावर आहे, हॉटेलवाल्यावर आहे. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमातल्या ‘दुकान’ शब्दाचा विषय निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ शक्य तितका रुंद केला: येईल त्याला सेवा द्यायला मालक तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. 2011 साली सुप्रीम कोर्टाने याच खुलाशाचा आधार घेत खासगी, विनाअनुदानित शिक्षणसंस्थाही 15(2) मध्ये येतात असं सांगितलं. कलम 17 तर अस्पृश्यता कोण पाळतो हे विचारतच नाही, ती सरळ नष्ट करतं. जानेवारी 2023 मध्ये घटनापीठाने 4 विरुद्ध 1 मतांनी म्हटलं, की कलम 19 आणि 21 मधले हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात.

त्याखाली साधे कायदे आहेत. 1955 चा अस्पृश्यतेचा कायदा 1976 मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्याच्या कलम 12 प्रमाणे, अडवलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर कोर्ट धरून चालतं की कारण अस्पृश्यताच होतं. तसं नव्हतं, हे सिद्ध करण्याचं ओझं अडवणाऱ्यावर. अॅट्रॉसिटी कायद्यातल्या, 26 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दुकानात, करमणुकीच्या ठिकाणी किंवा इतर सार्वजनिक जागी जाण्यापासून अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अडवणं हा नाव घेऊन सांगितलेला गुन्हा ठरवला.

‘खासगी’ हा बचाव या मातीत नवा नाही. चवदार तळ्याच्या दाव्यात महाडच्या सवर्णांचं म्हणणं हेच होतं, की तळं स्पृश्यांच्या खासगी मालकीसारखं आहे. 1927 साली सुरू झालेला तो वाद 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टात संपला, आणि ते हरले. दीक्षाभूमीच्या शहरात हे पुन्हा लिहावं लागतंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘क्लब म्हणजे घर.’

एका विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट. मे महिना, पश्चिम नागपुरातल्या एका क्लबाचा जलतरण तलाव. कॉलेजातले चौघे गेले, दोघे इथले, दोघे मिझोरामचे. खिडकीवर दिवसाचं तिकीट फाडून मिळत होतं. पहिल्या दोघांना मिळालं. बाकीच्या दोघांचे चेहरे पाहून खिडकीतल्या माणसाने ‘मेंबर ओन्ली’ म्हटलं आणि भिंतीवरच्या ‘प्रवेशाचा हक्क राखीव’ या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीच्या शेजारीच फ्लेक्स होता: लग्न, रिसेप्शन, बारसं, वाढदिवस, लॉन भाड्याने मिळेल.

कुठल्या घराची लॉन अशी भाड्याने मिळते? अनोळखी माणसाला तिकीट विकलं त्या क्षणी ती जागा बाबासाहेबांच्या अर्थाने दुकान झाली. पाटी लावून कायद्याने दिलेला हक्क काढून घेता येत नाही. ती दारूच्या नशेत धिंगाणा घालणाऱ्याला बाहेर ठेवायला चालेल, चेहरा पाहून माणसं निवडायला नाही.

‘सुप्रीम कोर्टानेच परवानगी दिली.’

2005 चा हा निकाल अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा. सदस्यत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी कोर्टाने वैध धरला, हे खरं. मला तो निकाल पटत नाही, पण आज तो कायदा आहे. मात्र मजकूर त्याचा निम्मा भाग गाळतो. मुद्दा गुजरातच्या सहकार कायद्याचा आणि कलम 19(1)(ग) खालच्या संघटना-स्वातंत्र्याचा होता, आणि बदल हवा असेल तर तो विधिमंडळाने करावा असं कोर्टानेच सुचवलं. सदस्य कुणाला करायचं एवढ्यापुरता तो निकाल आहे. तिकीट, लॉन, पाहुण्यांसाठी उघडं रेस्टॉरंट यांना तो शिवतही नाही.

‘अमेरिकेतही असंच आहे.’

हा मुद्दा सगळ्यात अर्धवट आहे. 1964 च्या नागरी हक्क कायद्यात खासगी क्लबाला सूट आहे, पण लोकांसाठी प्रत्यक्षात उघडा नसेल तरच. आर्कान्सा राज्यात लिटल रॉकजवळ लेक निक्सन नावाचं सहलीचं ठिकाण होतं. कायदा येताच मालकांनी त्याला ‘क्लब’ म्हणायला सुरुवात केली. सभासदत्वाची फी 25 सेंट. येईल त्या गोऱ्याला कार्ड मिळे, काळा आला की क्लब भरलेला असे. 1969 मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाने हा बनाव मान्य केला नाही.

मजकूर ज्याच्या भरवशावर आहे तो निकाल 1972 चा. लिरॉय अर्विस हे पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेतले काळे नेते. हॅरिसबर्गच्या मूस लॉज या खासगी क्लबात ते एका सदस्याचे पाहुणे म्हणून गेले आणि त्यांना काही वाढायला नकार मिळाला. सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं, की राज्याने दारूचा परवाना दिला म्हणून क्लबाचा भेदभाव राज्याचा होत नाही. इथवर सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही: त्याच वर्षी, त्याच लॉजविरुद्ध, पेनसिल्व्हेनियाच्या स्वतःच्या भेदभावविरोधी कायद्याखाली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्विस यांच्या बाजूने निकाल दिला. बाहेरच्या पाहुण्यांना बसवता, तर तुमची खाण्याची खोली सार्वजनिक. पुढे न्यूयॉर्क शहराने 400 हून अधिक सदस्य असलेले, नियमित जेवण देणारे आणि बाहेरच्यांकडून पैसे घेणारे क्लब कायद्याखाली आणले. 1988 मध्ये तेही सुप्रीम कोर्टात टिकलं.

ब्रिटनमध्ये तर खटला भारतीय माणसाचाच होता. लंडनच्या ईस्ट हॅममधल्या कन्झर्व्हेटिव्ह क्लबाने त्याला वर्णावरून सदस्यत्व नाकारलं आणि 1973 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तिथलं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) क्लबाच्या बाजूने कौल दिला. संसदेने 1976 च्या कायद्यात 25 किंवा अधिक सदस्यांचे क्लब आत घेऊन ती पळवाट बुजवली.

‘आपल्याकडे वंशभेद नाहीच.’

2017 साली दिल्ली गोल्फ क्लबात जैनसेम हा पारंपरिक पोशाख घातलेल्या मेघालयातल्या खासी जमातीच्या बाईला जेवणाच्या टेबलावरून उठायला सांगितलं, ही बातमी देशभर गाजली. 2014 मध्ये अरुणाचलचा विद्यार्थी निदो तानिया दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंडविधानात स्वतंत्र कलमं सुचवली, ती आजतागायत आलेली नाहीत. त्या मिझो मुलांना निदान अॅट्रॉसिटी कायद्याचा आधार आहे: अनुसूचित जमातीच्या माणसाला हे संरक्षण स्वतःच्या राज्याबाहेरही मिळतं, असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने 2023 मध्ये सांगितलं.

‘स्वतःचा क्लब काढा.’ इंग्रजांच्या क्लबांत प्रवेश नव्हता तेव्हा 1907 साली कलकत्ता क्लब आणि पुढे मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला. ते श्रीमंतांना जमलं. वसतिगृहात राहणाऱ्या पोराने पोहण्यासाठी काय करायचं?

आता कायदा कुठे अडतो, तेही सांगायला हवं. कुणालाही तिकीट न विकणारा, लॉन भाड्याने न देणारा, प्रस्तावक-अनुमोदकाशिवाय अर्जही न घेणारा क्लब गुप्त मतदानाने एखाद्याला जातीवरून किंवा वर्णावरून नाकारत असेल, तर आजच्या कायद्याने त्याला धरणं फार कठीण आहे. 15(2) ‘नागरिक’ म्हणतं, त्यामुळे इथे शिकायला आलेला आफ्रिकी विद्यार्थी त्यात बसत नाही. महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा चांगला आहे, पण तो आपल्याच समाजातल्या माणसावर टाकलेल्या बहिष्कारापुरता.

पण इथून ‘म्हणून तो क्लबांचा हक्क आहे’ असं निघत नाही. 2014 साली चेन्नईत एका क्लबाने वेष्टी नेसलेल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना आत सोडलं नाही, आणि त्याच वर्षी तमिळनाडूने कायदा केला: पोशाखावरून अडवलं तर परवाना रद्द, एक वर्षापर्यंत कैद, 25,000 रुपयांपर्यंत दंड. खासगी क्लबापर्यंत हात पोचला, कारण परवाना सरकारचाच असतो. आपल्याकडे क्लबांना दारूसाठी एफएल-4 परवाना राज्याचं उत्पादन शुल्क खातं देतं. नागपुरातली बरीच जमीन नझूलच्या (सरकारी जमिनीच्या) किंवा नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) भाडेपट्ट्यावर आहे. तुमच्या ओळखीच्या क्लबाचा पट्टा कुणाचा, किती भाड्याने, कुठल्या अटींवर आणि नूतनीकरण कधी, हे माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जाने विचारता येतं. पट्टा सरकारी असेल, तर वंश किंवा जातीवरून कुणाला नाकारणार नाही अशी अट त्यात घालायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.