कंदिलाचं अर्धं तिकीट

दिवाळीला घरी केलेल्या वस्तू भेट द्यायच्या हे खूळ यंदा माझ्या डोक्यात शिरलं. उटणं, कुंदा आणि आकाशकंदील, तिन्ही हातचं. उटणं आणि कुंदा पिशवीत मावतात, कंदील मावत नाही, तो मांडीवर घेऊनच बसावं लागतं, आणि परवा बेळगावहून निपाणीला नणंदेकडे जाताना मी तसंच बसले होते. आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घेतलेलं. जून २०२३ पासून कर्नाटकात आम्हा बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे, आणि तेव्हापासून उभे असलेले पुरुष आमच्याकडे ज्या नजरेनं बघतात तिची आता सवय झालीय.

काकतीला एक मामा चढले. पांढरी टोपी, धोतर, काखेत घडी घातलेलं पोतं. बसभर नजर फिरवली, कुठंच जागा नाही. मग माझ्या कंदिलावर थांबले.

"हे काय ओ?"

"कंदील."

"ते दिसालंय की. कंदील बसलाय आणि मी उभा."

"मामा, तो माझ्या मांडीवर बसलाय."

"पोरगं मांडीवर असलं तरी मोठं झालं की अर्धं तिकीट लागतंय. ह्याचं वय काय?"

"काल रात्री दीडला झालाय," मी म्हटलं. मागच्या सीटवरच्या बायका खिदळल्या.

मामा मात्र गंभीर. "अर्धं म्हणजे तुमच्या तिकिटाचं अर्धं. तुमचं किती?"

"शून्य."

मामांनी खरंच हिशेब केला, ओठ हलताना दिसले. मग कंडक्टरला हाक मारली, की बाई फुकट, बाईचा कंदील फुकट, रोख भरणारा मी एकटा आणि मीच उभा, हा कुठला न्याय. कंडक्टर नुसता "अज्जा, सुम्न निंदर्री", म्हणजे आजोबा, गप उभे रहा, म्हणून पुढं सरकला.

"कितीला घेतलासा?" मामांनी दुसरीकडून सुरुवात केली.

"घेतला नाही, घरी केलाय."

"घरी? म्हंजे तो पण फुकटच की!"

इथं मात्र माझं टाळकं सरकलं. बुरुडाकडून कामट्या आणायच्या, त्या तासायच्या, अंगठा चिरून घ्यायचा, मैद्याची खळ शिजवायची, तिला झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घालायचं, जिलेटीनला सुरकुती पडली की परत सगळं उचकटायचं. कुंद्याचं तर विचारूच नका. दोन लिटर दूध आटवत उभं राहायचं, दह्यानं फोडून त्याचा रवाळ चोथा करायचा, साखर वेगळी करपवून त्यात घालायची, आणि तोपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर तळाला लागलंच. एवढं करून काय ऐकायचं, तर "वेळ बरा मिळतो ओ तुम्हाला". आमच्या ह्यांनी मागं एकदा चार फळ्या ठोकून स्टूल केलं होतं, डगडगतं, तर सासूबाई आल्या-गेल्याला हात धरून नेऊन दाखवायच्या, "ह्यानं स्वतः केलंय". ते स्टूल अजून आहे. त्याच्यावर कुणी बसत नाही.

असो. मामांचं अजून संपलं नव्हतं.

"लाल-पिवळा का केलासा? राज्योत्सवाला निघालासा काय?"

आता झाली का पंचाईत! मागून एक तरुण पोरगा लगेच, "एक तारखेला लावणार असला तर काळा पाहिजे होता". आमच्याकडं हे असंच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची हद्द आखली ती आखली, बेळगाव कर्नाटकाच्या बाजूला पडलं, आणि ती तारीख बरोबर दिवाळीच्या आगंमागंच येती, एका गल्लीत कन्नड राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे तर दुसरीत मराठी लोकांचा काळा दिन. मी लाल-पिवळा केला कारण रविवार पेठेत हिरवा जिलेटीन संपला होता. भगवा केला असता तर "समितीच्या काय?", म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या एकीकरण समितीच्या, म्हणून विचारलं असतं. कागद घेताना मी फक्त बल्बचा उजेड कसा पडंल एवढंच बघितलं होतं, पण हे कुणाला सांगायचं. बसभर चर्चा सुरू झाली, तिच्यात माझ्याशिवाय सगळे होते.

वंटमुरी घाटात बसनं वळण घेतलं आणि मामांचा तोल गेला. दांडा हाताशी होता. त्यांनी धरल्या कंदिलाच्या झिरमिळ्या. दोन त्यांच्या मुठीत आल्या.

मी नुसती बघत राहिले. मामांनी मूठ उघडली, बंद केली, आणि म्हणाले, "जाऊ द्या, घरचंच होतं न्हवं."

संकेश्वरला उतरताना खिशातून दहाची नोट काढून माझ्या पुढ्यात धरली. "शेपटाचे." मी घेतली. का नाही घ्यायची? इतकी वर्षं घरात जे काय हातानं केलं त्याचे रोख पैसे देणारा हा पहिलाच माणूस.

निपाणीत नणंदेनं कंदील उलटासुलटा करून बघितला. "वैनी, विकतचा आणायचा की हो, एवढा ताप कशाला? आणि हे शेपूट एका बाजूलाच का?" मग कुंद्याचा डबा उघडला, झाकण परत लावून वर-खाली बघितलं. "दुकानाचं नाव नाही ह्याच्यावर."

"घरी केलाय."

"हो काय," ती म्हणाली, आणि पोरांना हाक मारून म्हणाली, यंदा बेळगावचा कुंदा नाही रे, मामीनं केलेला आहे. माझा गॅस बेळगावात नव्हताच जणू!

निघताना तिनं मला काजूकतलीचा चकचकीत बॉक्स दिला. मागच्या बाजूला स्टिकर होतं, त्याच्यावर तिच्या नवऱ्याचं नाव, खाली कुठल्याशा पतसंस्थेकडून शुभेच्छा. अर्धं खरवडलेलं, म्हणजे प्रयत्न केला होता.

धारवाडच्या जावेसाठी उटण्याचा घाट घातलाय, नागरमोथा, वाळा, आंबेहळद सगळं कुटून पडलंय, चाळायचं तेवढं राहिलंय. ते आता मीच लावते. तिला काजूकतली जाईल. उरलेलं स्टिकर मी कोमट पाण्यानं स्वच्छ काढलंय.