तासाची वीज, दिवसाचा माल

आमचा कारखाना चाकणच्या एमआयडीसीत. मी तिथे एमआयएसला, म्हणजे कुठलाही आकडा हवा असला की सगळे ज्याच्या टेबलाशी येऊन उभे राहतात तो. वीजमीटरचं रीडिंग तासाला येतं, मालाचा आकडा रोज एकदा येतो. साहेबांचं म्हणणं एवढंच, की दोन्ही पॉवर बीआयमध्ये, म्हणजे रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एका पानावर आणा आणि एका नगाला किती युनिट लागतात ते दाखवा.

पण दोन टेबलं एकमेकांना ओळखच दाखवेनात. एकीकडे नुसती तारीख, दुसरीकडे तारीख आणि वेळ. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे दिवसाचा क्रमांक आणि वेळ म्हणजे त्यापुढचा अपूर्णांक: 1 जानेवारी 2024 म्हणजे 45292 आणि त्याच दिवशी दुपारचे बारा म्हणजे 45292.5. आपल्याला दिवस एकच, यंत्राला आकडे दोन. शून्य वाजताची तेवढी ओळ जुळली, कारण तिला अपूर्णांक नाही. त्यामुळे अख्ख्या कारखान्याने दिवसभरात एका तासाची वीज खाल्ली, असं रिपोर्ट सांगू लागला. अकाउंट्सवाल्यांना तो फार आवडला.

मग साहेबांनी स्वतः हात घातला. त्यांनी एक दिवसाचं ट्रेनिंग केलेलं, सर्टिफिकेट केबिनमध्ये फ्रेम करून लावलेलं. त्यांनी वेळ कापली, तारीख ठेवली आणि टेबलं मर्ज केली. मालाचा आकडा तासांच्या चोवीसही ओळींपुढे जाऊन बसला, खाली बेरीज झाली आणि 1,200 नगांचे 28,800 झाले. टूलचा काही दोष नाही, त्याला सांगितली ती बेरीज त्याने केली. साहेब पडद्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर आधी आनंद, मग संशय, मग पुन्हा थोडा आनंद.

उपाय तसा सरळ आहे. आधी तासांची बेरीज करून दिवसाचा एक आकडा काढायचा, मग जोडायचं. फक्त दिवस कुणाचा, ते ठरवावं लागतं.

मालाच्या रजिस्टरचा दिवस सकाळी 7 ला, पहिल्या पाळीबरोबर सुरू होतो. पहाटे तीनला निघालेला नग कालच्या खात्यात. पंचांगातही वार सूर्योदयापासूनच धरतात, तेव्हा सुपरवायझर शास्त्राला धरूनच आहेत. अकाउंट्सचा दिवस मध्यरात्री बदलतो. आणि मीटरचा सर्व्हर चालतो यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यामागे साडेपाच तास. म्हणजे मीटरच्या वेळेत साडेपाच तास मिळवा, सात वजा करा, मग तारीख घ्या. नक्त दीड तास वजा. हे मी मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या, त्यावरून कळलं की कुणालाच कळलेलं नाही.

खरी गंमत पुढेच. सर्व्हरचा तास भरतो तेव्हा आपल्या घड्याळात साडे वाजलेले असतात. म्हणजे एक रीडिंग सकाळी साडेसहा ते साडेसातचं, आणि पाळी बदलते नेमकी त्याच्या पोटात. रात्री निम्म्याच लाइन चालतात, सातला सगळ्या सुरू होतात. माझ्या हिशेबाने तो अख्खा तास रात्रपाळीच्या खात्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीचे सुपरवायझर डबा हातात घेऊन दारात.

"साहेब, सातला कार्ड पंच करून आम्ही बसमध्ये बसतो. साडेसातपर्यंतची वीज आमच्या नावावर कशी?"

म्हटलं, अर्धी-अर्धी वाटू. ते पहिल्या पाळीच्या सुपरवायझरांच्या कानावर गेलं. तेही आले. "पहिली दहा मिनिटं आमची माणसं चहाला असतात. अर्धी आमची कशी?"

शेवटी तोडगा साहेबांनीच काढला आणि तो चांगला होता, हे मान्य करायला हवं. मीटर पंधरा मिनिटांचंही रीडिंग देतं, तेच घ्या. पंधराच्या हिशेबात साडेपाचही बसतात, सातही बसतात. आता रोज 24 ऐवजी 96 ओळी येतात, रिफ्रेशला वेळ लागतो, पण सातच्या ठोक्याला बरोबर तुकडा पडतो.

त्यावर मॅनेजमेंटने मालाचा आकडाही पंधरा-पंधरा मिनिटांचा मागितला. मी रजिस्टर घेऊन रात्रपाळीच्या सुपरवायझरांकडे गेलो.

"देऊ की," ते म्हणाले. "लिहायला एक माणूस द्या. फक्त त्याचा पगार कुठल्या पाळीत धरायचा, ते आधी ठरवा."