दोन दिवसांत अख्खा खानदेश? जमणार नाही, भाऊ!

खानदेश सहलीवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातला 'दोन दिवस, एक गाडी, आठ ठिकाणं' हा बेत पाहून हसूच आलं. आम्ही चाळीसगावचे, त्यामुळे थोडं हक्कानं लिहितो.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीलाच अर्धा दिवस द्या. चंडिकादेवीचं दर्शन झालं की लोक परत फिरतात. पण हे पाटण म्हणजे गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याशी जोडलेलं गाव. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. मुलं बरोबर असतील तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथातलं एखादं गणित तिथेच घाला, मजा येते. पितळखोरा लेणी त्याच डोंगररांगेत, पण पायऱ्या उतरून जायचं आहे. चपला घालून जाऊ नका. (आमच्या मेहुण्यांनी हट्ट केला आणि येताना अनवाणी चढले.)

लेखात बऱ्हाणपूर नाही, हे मात्र खटकलं. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी तीच. मुमताजमहल १६३१ मध्ये तिथेच वारली. भुसावळहून रेल्वेने सरळ जाता येतं, गाडी करायची गरजच नाही.

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे आधी बघा, मग रजा टाका. आणि उन्हाळ्यात तर मुळीच नको. थंडीत या, भरीत-भाकरीही मिळेल.