प्रागला जाताय? मग बाहुल्यांखालची तबकडी वाचा

"प्रागचं घड्याळ म्हणजे मिनिटभराचा खेळ, वेळ घालवू नका" असं सांगणारं एक रील सकाळपासून फिरतंय. संताप आला. घड्याळ म्हणजे प्रागच्या जुन्या नगरभवनावरचं खगोलीय घड्याळ, आणि रीलमध्ये कॅमेरा फक्त वरच्या खिडक्यांत सरकणाऱ्या प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) पुतळ्यांवर. अहो, ते पुतळे मागाहूनचे! आत्ताचे तर दुसऱ्या महायुद्धानंतरचे, आधीचे 1945 च्या मे महिन्यात जळाले. 1410 चं आहे ते खालचं खगोलयंत्र, काडान गावच्या मिकुलाश या घड्याळजीने घडवलेलं. लोक मात्र मूर्ख दंतकथा सांगत बसतात, की हे घड्याळ हानुश नावाच्या घड्याळजीने बनवलं आणि त्याने दुसरं बनवू नये म्हणून त्याचे डोळे काढले.

मुलांना बाहुल्या आवडतात, मान्य. पण तासाच्या वीस मिनिटं आधी पोचा, पिशवी पुढे धरा (गर्दीत खिसेकापू असतात) आणि तबकडी बघा. सोनेरी हात रोमन आकड्यांवर वेळ दाखवतो. आकडे चोवीस, दुपारचे बारा वर, मध्यरात्रीचे खाली. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा. बाहेरच्या काळ्या कड्यावर जुनी बोहेमियन (म्हणजे चेक) वेळ, सूर्यास्तापासून मोजलेली. हात 20 वर असेल तर उजेडाचे चार तास उरले. सूर्यास्त सरकतो, म्हणून हे कडंही वर्षभर पुढेमागे होतं. आतल्या वक्र रेषा उजेडाचे बारा भाग करतात, ऋतूप्रमाणे लांब-आखूड. पंचांगातला होरा माहीत असलेल्याला हे लगेच कळेल.

आपल्या लोकांचा गोंधळ होतो तो राशींच्या कड्यावर. तिथल्या राशी सायन (वसंत संपातापासून मोजलेल्या), आपलं पंचांग निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेलं), फरक सुमारे 24 अंशांचा. आपण तिळगूळ वाटतो त्या दिवशी तिथला सूर्य मकरेत बराच आत गेलेला असतो. घड्याळ चुकलेलं नसतं!

आणि मागची चाकं? सूर्याच्या चाकाला 366 दाते, राशींच्या 365. एका दात्याच्या फरकाने राशीचक्र रोज किंचित पुढे सरकतं, वर्षाला एक फेरी जास्त मारतं. हे सुचलेल्या माणसांपुढे मी नतमस्तक आहे. चंद्राला 379 दाते, त्यामुळे त्याचा महिना 29.15 दिवसांचा पडतो. खरा 29.53 चा, म्हणून चंद्र अधूनमधून जुळवून घ्यावा लागतो. अर्धा रुपेरी, अर्धा काळा गोळा शोधा, तोच चंद्र. आतल्या वजनाच्या जोरावर तो स्वतःभोवती फिरतो आणि कला दाखवतो. रीलवाल्याने हा गोळा एकदा तरी दाखवायचा होता!