रातांबे झाडाखाली कुजतायत आणि आपण तिकीट काढतोय

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली. आंबा तोडणीचा अनुभव, एप्रिलचे सगळे शनिवार-रविवार. माणशी 1800, मुलांना निम्मे. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) तिथेच मिळेल, टोपी फुकट, प्रत्येकी पाच आंबे घरी नेता येतील. खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. एकीने विचारलं, बस एसी आहे ना?

तिथे मी काही बोलले नाही. बोललं की "ताई, तुम्ही सगळ्यातच खोट काढता" सुरू होतं. म्हणून इथे लिहितेय, आपल्या माणसांत.

आमचं घर राजापूर तालुक्यात. हापूसची कलमं मोजकीच, पण रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं परसवापासून थेट व्हाळापर्यंत, ओढ्यापर्यंत. मे महिन्यात आम्ही सगळी चुलत-आते भावंडं जमायचो ती सुट्टीला, असं आपलं आम्हाला वाटायचं. आजीच्या हिशेबी आम्ही गडी होतो. सकाळची पेज पोटात गेली की हातात टोपली. लहानांनी खाली पडलेले वेचायचे, मधल्यांनी हाताला येतील त्या फांद्या बघायच्या, मोठ्यांनी वर चढायचं. चढतोस का रे बाळा, असं कुणी विचारत नव्हतं. हुमले, म्हणजे लाल मुंग्या चावल्या तर खाजवायचं आणि पुढचा रातांबा काढायचा. टोपली अर्धी आणलीस तर आजी नुसती टोपलीकडे बघायची. तेवढं बघणं पुरायचं.

एका वर्षी पाऊस लवकर आला. म्हणजे येणार हे दुपारीच कळलं, दक्षिणेकडून आभाळ भरून आलं होतं आणि झाडं रातांब्यांनी लालभडक. भिजलेला रातांबा टिकत नाही, त्याची सोलं, म्हणजे आमसुलं नीट होत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आजीने पडवीत उभं राहून एकच हाक मारली. जो होता तो बाहेर. मुंबईचे काका, ज्यांचा लेंगा कायम इस्त्रीचा, तेही. नवी आलेली काकी, तिला आमच्यातली निम्मी नावंही अजून येत नव्हती, तीही. अंधार पडला तसे कंदील आले, एकच बॅटरी होती ती वर चढलेल्याकडे.

आता सांगा, याचं तिकीट किती लावणार?

रागाचं कारण हेच आहे. त्या जाहिरातीत मुलाने आंबा काढला काय आणि नाही काढला काय, कुणाचं काही अडत नाही. बाग काढणारे गडी वेगळेच असतात, मुलांसाठी खालची चार झाडं राखून ठेवलेली असतात, फोटो नीट यावा म्हणून. आम्ही काढले नसते तर रातांबे खरंच गेले असते. आठ वर्षांच्या पोरालाही ते कळत होतं, म्हणून तर कुणी रडत नव्हतं. (एक आतेभाऊ रडला. पण तो आंघोळीलाही रडायचा.)

बरं, मान्य आहे, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे येतात. नुसत्या पेट्या विकून कुणाचं भागतंय? सरकारने 2020 ला कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातून काही घरं सावरलीही असतील. त्या बागवाल्याशी माझं भांडण नाही.

माझं भांडण आपल्याशी आहे. त्या ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांपैकी निम्म्यांची गावं मला माहीत आहेत. लांजा, देवगड, गुहागर. स्वतःची झाडं आहेत लोकहो! सातबाऱ्यावर नावं आहेत! वाटणीवरून कोर्टात जायला वेळ मिळतो, आणि तेच झाड काढायला कुणी नाही.

वाटणीवरून आठवलं. त्या रात्री बाबा आणि आबाकाका एकमेकांशी बोलत नव्हते. खालच्या तुकड्यावरून वर्षभर अबोला होता, जेवायला एका पंगतीला बसत नसत. भरलेला हारा, ती मोठी टोपली, उचलायला दोन माणसं लागतात. एका कानाला बाबा, दुसऱ्या कानाला आबाकाका. व्हाळापासून अंगणापर्यंत किती खेपा झाल्या असतील. बोलणं एवढंच, "सांभाळ, दगड आहे" आणि "टेक आता". त्यांचा समेट झाला असं मी सांगणार नाही, तो तुकडा आजही तसाच भांडणात आहे. पण मी कंदील धरून पुढे चालत होते आणि मागून ते दोन आवाज ऐकू येत होते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, खरं तर झोप येत होती. बाबा गेल्यापासून मात्र ते "टेक आता" मला कुठेही ऐकू येतं. लिफ्टमध्येसुद्धा.

असो.

मग रात्रभर फोडणं. बिया एकीकडे, रस एकीकडे, साली एकीकडे. साली त्याच रसात मिठाबरोबर भिजवायच्या आणि वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या, तेव्हा कुठे काळं सोल होतं. बियांचं पुढे तेल, त्याचे गोळे करून ठेवायचे, टाचांच्या भेगांना. काकीच्या नव्या साडीवर जो डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. आणि एवढं करून पुढचे कितीतरी दिवस ऊनच पडलं नाही! वाळत घातलेल्या निम्म्या सालींना बुरशी आली. आजी चिडली नाही. राहिलेल्याचं तिने मीठ घालून आगळ, म्हणजे खारवलेला रस, करून टाकलं, त्याला ऊन लागत नाही, आणि आगळाच्या बाटल्या सगळ्यांच्या पिशव्यांत कोंबल्या. काकांच्या इस्त्रीच्या कपड्यांतसुद्धा.

आता तिथे आबाकाकांचा मुलगा, आमचा दादा, एकटा असतो. दादाचं वय झालंय, चढवत नाही. गडी मिळत नाहीत, मिळाले तर रातांब्याला परवडत नाहीत. माकडं खातात त्याहून जास्त नासधूस करतात. 2025 ला तर पाऊस मे महिन्यातच तळकोकणात उतरला. दादा फोनवर म्हणाला, "झाडाखाली पाय ठेवायला जागा नाही गो, नुसता लाल चिखल." सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. बाजारात त्याच आगळाची बाटली किती रुपयांना आहे बघा एकदा. आणि आमच्याकडे त्याचा चिखल.

रागाच्या भरात खूप लिहिलं. ज्यांना खरंच गाव नाही, त्यांनी जरूर जावं त्या बागेत. पोरांना निदान चीक तरी लागू दे हाताला. हे त्यांच्यासाठी नाहीच.

ज्यांना गाव आहे त्यांच्यासाठी: रेल्वेचं रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं. पुढच्या आठवड्यात मेच्या अखेरची तुतारी एक्सप्रेसची तिकिटं मिळायला लागतील, मी आमची काढतेय. दादाला फोन झालाय, त्याने फक्त "जुने कपडे आणा" एवढंच सांगितलं. लेकीचा क्लास बुडणार, त्यावरून घरात कालपासून धुसफुस आहे. बुडू दे.