खिडकी नंबर 3 आणि आमचा समाज

काल सकाळी टाऊनमधल्या (म्हणजे दक्षिण मुंबईतल्या) एका जुन्या कॉलेजच्या खिडकीतून "ते समाजसेवावाले कोण आहेत? फॉर्म अर्धवट आहे!" असा पुकारा झाला आणि व्हरांड्यातली साठ-सत्तर माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. समाजसेवा नाही हो, समाजशास्त्र. पण सांगणार कुणाला, खिडकीतला माणूस तोवर पुढच्या फॉर्मवर गेला होता. मागच्या एका बाईंनी तर "जाऊ द्या समाजसेवकांना पुढे" म्हणत वाटसुद्धा करून दिली. अजून डोक्यातून जात नाहीये ते.

थोडक्यात सांगतो. मुलीला बारावी सायन्सला 84 टक्के पडले आणि तिला सोशॉलॉजीत बीए करायचंय. घरात जे रामायण व्हायचं ते होऊन गेलं (मेव्हणा तीन दिवस फोन उचलत नव्हता, तेवढीच शांतता). ॲडमिशन सगळी ऑनलाइन असते, म्हणजे सगळं ऑनलाइन भरायचं आणि मग त्याची प्रिंट काढून, फोटो चिकटवून, डोंबिवलीहून लोकलला लोंबकळत नेऊन द्यायची. मुलगी दुसऱ्या एका कॉलेजच्या रांगेत, मी या.

तर बाकावर माझ्या शेजारी एक काका बसले होते. सफारी, खिशाला दोन पेनं, आणि मांडीवर नातवाची फाइल अशी धरलेली की जणू सातबाराच आहे. नातू बाजूला मोबाईलमध्ये, त्याने अडीच तासांत एकदाही मान वर केली नाही.

"कॉमर्स?" त्यांनी माझ्या फाइलकडे हनुवटी करून विचारलं.

"नाही, आर्ट्स. सोशॉलॉजी."

"म्हणजे?"

"समाजशास्त्र."

"असं असं." मग जरा जवळ सरकून, आवाज खाली आणून, "कुठल्या समाजाचं?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "सगळ्याच समाजांचं, काका."

"सगळ्यांचं एक कसं असेल? आमच्या समाजाचं वेगळं असतं. कल्याणला हॉल आहे आमच्या समाजाचा, दर वर्षी गुणगौरव असतो, मुलांना पाकीट देतात. तुमचं आडनाव काय?"

सांगितलं. त्यांनी ते आडनाव तोंडात घोळवून बघितलं, आंबा देवगडचा की कर्नाटकातला हे बघतात तसं. "यात दोन असतात. गाव?"

गाव सांगितलं.

"नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण सकाळी चहा झाला नव्हता आणि मुलीचं ऐकून ऐकून माझंही थोडं वाचन झालंय. म्हटलं, "काका, या विषयातला मोठा माणूस आपल्या मालवणचा होता. गो. स. घुर्ये. 1924 पासून मुंबई विद्यापीठात हा विभाग त्यांनी सांभाळला, देशभरातले मोठमोठे प्रोफेसर त्यांच्या हाताखाली तयार झाले."

"घुर्ये म्हणजे सारस्वत," काका म्हणाले.

"अहो, त्यांनी जातीवरच पुस्तक लिहिलंय, 1932 साली!"

"मग! त्यांच्यात लिहायची हौस असतेच."

यावर काय बोलणार? तरी बोललोच. कारण त्यांचा पुढचा प्रश्न होता की 84 टक्के असताना सायन्स का सोडलं, आणि हा प्रश्न मी महिनाभर सोसायटीच्या लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे आणि एका बारशात ऐकलाय. म्हटलं, "1919 साली मुंबईत हा विषय सुरू झाला ना, तेव्हाचा पहिला प्रोफेसर पॅट्रिक गेडिस, तो मूळचा सायन्सवालाच. बॉटनी शिकवायचा."

काकांनी क्षणभर विचार केला. "त्याला कमी पडले असतील."

नातू पहिल्यांदा फिस्सकन हसला. मोबाईलमध्येच बघून हसला असेल, पण मला लागलं.

खरं तर मुलीने सात कॉलेजांचं एक शीट बनवलंय, रकाने असे: मेजर (म्हणजे मुख्य विषय) तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का, कायमचे शिक्षक किती, लायब्ररी कशी. सातही कॉलेजांसमोर हे तिन्ही रकाने रिकामे. नॅकची, म्हणजे कॉलेज तपासून देतात ती ग्रेड विचारा, दारावर एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर आहे. स्टेशनपासून चालत किती मिनिटं, कँटीनचा वडापाव कसा, अटेंडन्स कडक आहे का, हे व्हरांड्यातला प्रत्येक जण सांगतो. शिकवणार कोण, ते कुणालाच माहीत नाही आणि ते विचारणारा माणूस भांडायला आलाय असं वाटतं सगळ्यांना.

शेवटी नंबर आला तेव्हा मी खिडकीत विचारलं, की सोशॉलॉजी मेजर शेवटपर्यंत मिळेल ना. "पहिल्या वर्षाला आहे. पुढचं मुलं किती येतात त्यावर." आणि नाहीच आली तर? "इकॉनॉमिक्स आहे ना." शिक्षक? "मॅडम रिटायर झाल्या. आता तासिका तत्त्वावर सर येतात." म्हणजे तासाचे पैसे घेऊन जाणारे सर, ते पुढच्या वर्षी असतील की नाही हे त्यांना तरी कुठे माहीत. यात मला हसायला येत नाही. माहितीपुस्तकात विषय छापायचा, फी घ्यायची आणि मग 'मुलं आली तर', हे किराणा दुकानात केलं तर लोक दुकानदाराची कॉलर धरतील.

मग खिडकीतल्या माणसाने नवीन पॅटर्न समजावला, मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, चार वर्षांचे 176 क्रेडिट. माझ्या वेळी बीएला विषय असायचे, आता एसटी डेपोतल्या पाट्या आहेत. आणि ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, म्हणे दुसऱ्या फॅकल्टीचा घ्यावा लागतो, म्हणजे जिने सायन्स सोडलं तिच्यापुढे परत सायन्स नाहीतर कॉमर्स. मेव्हण्याला हे अजिबात कळता कामा नये.

फॉर्म का अर्धवट होता? तर एक सही राहिली होती. सहीसाठी माझं पेन काढलं तेवढ्यात काका म्हणाले, "साहेब, जरा द्या, माझी दोन्ही चालत नाहीयेत," आणि नातवाच्या फॉर्मवर सावकाश, वळणदार अक्षरात पत्ता लिहायला बसले. जाताना माझा नंबर पण घेतला, समाजाच्या कामाला उपयोगी पडतो म्हणून.

रात्री साडेनऊला व्हॉट्सॲप आलं. वधू-वर परिचय मेळाव्याचं पत्रक, खाली लिहिलेलं, "अलीकडे की पलीकडे ते कळवणे." बायकोने चष्मा लावून सगळं वाचलं, प्रवेश फीमध्ये जेवण धरलंय का तेसुद्धा. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आणि माझं पेन त्यांच्याकडेच राहिलंय.